दरवर्षी उलटी फिरणारी नदी, आणि तिला लागणारं मेकाँगचं पाणी

नदी उताराकडे वाहते, हे आपण शाळेतच शिकलो. पण कंबोडियात एक नदी दरवर्षी पावसाळ्यात चक्क उलटी फिरते. तिचं नाव तोनले साप. ती अशी का वागते, याचं उत्तर मेकाँग या मोठ्या नदीत आहे. आणि सध्या काळजीचं कारणही तिथंच आहे.

मेकाँग कुठून कुठे जाते?

मेकाँग तिबेटच्या पठारावर, चीनच्या छिंगहाय प्रांतात उगम पावते. चीनमध्ये तिला लानत्सांग म्हणतात. युनान प्रांतातल्या खोल दऱ्यांतून ती खाली येते. पुढे काही अंतर ती म्यानमार आणि लाओसची सीमा बनते, मग बराच काळ लाओस आणि थायलंडची. लाओसच्या दक्षिण टोकाला खोनचा प्रचंड धबधबा लागतो. तो ओलांडून ती कंबोडियात शिरते आणि व्हिएतनाममध्ये अनेक फाटे फुटून समुद्राला मिळते. सहा देश आणि चार हजार किलोमीटरहून जास्त प्रवास.

मग पाणी उलटं का फिरतं?

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हजवळ तोनले साप नदी मेकाँगला येऊन मिळते. ही नदी त्याच नावाच्या मोठ्या तळ्यातून येते. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी मेकाँगमध्ये जातं. पावसाळ्यात मात्र मेकाँग इतकी फुगते की तिची पातळी तळ्यापेक्षा वर जाते. मग पाणी उलट्या दिशेनं तळ्यात घुसतं. एरवी जेमतेम मीटरभर खोल असणारं तळं अनेक मीटरनं चढतं आणि पसरून कित्येक पट मोठं होतं.

काठची जंगलं पाण्याखाली जातात. तिथं माशांची पिल्लं वाढतात. पावसाळा संपला की पाणी पुन्हा मेकाँगकडे वळतं आणि त्याच्यासोबत मासेही. कंबोडियाच्या ताटातली मासळी मोठ्या प्रमाणात या चक्रावर अवलंबून आहे. पाणी परत फिरतं त्या सुमारास, साधारण नोव्हेंबरमध्ये, नॉम पेन्हला होड्यांच्या शर्यतींचा मोठा जलोत्सव भरतो.

धरणांनी नेमकं काय बदललं?

चीननं लानत्सांगवर एकामागोमाग मोठी धरणं बांधली. त्यातल्या शियाओवान धरणाची उंची जवळपास 292 मीटर आहे. लाओसनंही 2019 मध्ये मुख्य प्रवाहावरचा सायाबुरी प्रकल्प सुरू केला.

धरणं पावसाळ्यात पाणी साठवतात आणि कोरड्या महिन्यांत वीज बनवताना सोडतात. त्यामुळे उन्हाळ्यात खालच्या देशांना उलट जास्त पाणी मिळतं. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण तोनले सापला वर्षभर सारखं पाणी नको, तिला पूर हवा. पूर कमी आला की तळं कमी भरतं. 2019 मध्ये पाऊस उशिरा आला, त्यात वरून येणारं पाणीही घटलं. जून-जुलैमध्ये मेकाँगची पातळी अनेक ठिकाणी विक्रमी खाली गेली. उलटा प्रवाहही उशिरा सुरू झाला आणि लवकर संपला.

दुसरा मुद्दा गाळाचा. धरणं गाळ अडवतात. व्हिएतनामचा त्रिभुज प्रदेश याच गाळानं तयार झालाय आणि देशाचा जवळपास निम्मा तांदूळ तिथं पिकतो. गाळ घटला, वाळूचा उपसा वाढला आणि भूजल उपशामुळे जमीनही खचतेय. त्यामुळे उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी शेतांपर्यंत चढतं.

मग यावर बोलायचं कुणी?

1995 मध्ये लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम यांनी मिळून मेकाँग नदी आयोग स्थापन केला. पण चीन आणि म्यानमार त्याचे पूर्ण सदस्य नाहीत, फक्त चर्चेतले भागीदार आहेत. म्हणजे सगळ्यात मोठी धरणं ज्याच्या हातात आहेत, त्या चीनवर आयोगाचे नियम लागूच होत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात मेकाँगची बातमी दिसली, तर दोन गोष्टी नक्की बघा: तोनले साप कधी उलटी फिरली आणि किती दिवस उलटी वाहिली. कंबोडियातल्या मच्छीमारांचं ते वर्ष कसं जाणार, याचा बराचसा अंदाज त्यातून येतो.