झोपू द्या, उतरंल

ढोकी म्हटलं की तेरणा कारखाना, आणि कारखाना म्हटलं की हंगाम. दिवाळीच्या आगेमागे या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कोप्या पडतात, ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. थंडी वाढली की कोणीतरी 'थंडीवरचं औषध' घेऊन आडवा होतो. भोवतीचे म्हणतात, "झोपू द्या त्याला, सकाळच्याला उतरंल." बहुतेकदा उतरतेही. म्हणून तर हे वाक्य टिकून आहे.

ही दारूही याच उसाची. टनभर उसातून साधारण 40 किलो मळी निघते आणि तेवढ्या मळीतून नऊ-दहा लिटर अल्कोहोल. त्यातलं बरंचसं आता पेट्रोलमध्ये जातं, काही बाटलीत येतं. देशीच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 42.8 टक्के, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. साठ किलोच्या माणसानं ती उपाशीपोटी घटाघट संपवली, तर 100 मिली रक्तात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जातं. गाडी चालवायला कायद्याची मर्यादा आहे 30. यकृत तासाला जेमतेम 15 ते 20 मिलिग्रॅम जिरवतं. लिंबू, काळा चहा, डोक्यावर बादलीभर गार पाणी, कशानंही ते घाई करत नाही. गार पाण्यानं उलट अंगातली ऊब जाते.

आडवा झालेल्याच्या पोटात शेवटचा पेला शिल्लक असतो. तो झोपतो, पण नशा चढतच राहते. तीनशेच्या पुढे शुद्ध हरपू शकते, चारशेच्या आसपास श्वासच मंदावून थांबू शकतो. त्याआधीचा धोका उलटीचा. घशाची राखण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया बधिर झालेली असते, त्यामुळे उताण्या माणसाची उलटी फुप्फुसात उतरते.

थंडीवरचं औषध हेही खोटंच. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, ऊब वाटते आणि तीच ऊब बाहेर निसटते. त्यात सकाळपासून कोयता चालवलेला, धड न जेवलेला माणूस. अल्कोहोल जिरवण्यात गुंतलेल्या यकृताला साखर तयार करता येत नाही. रक्तातली साखर घसरून झटके येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, जास्त झालीय.

दवाखान्यात यावर उतारा नाही. श्वासमार्ग मोकळा ठेवणं, प्राणवायू, साखर तपासून ग्लुकोज, रोज पिणाऱ्याला थायमिन, पांघरूण, गरज पडल्यास व्हेंटिलेटर. यकृताचं काम संपेस्तोवर माणूस जगवायचा, एवढंच. दारू झपाट्यानं रक्तात जाते, म्हणून पोट धुऊन सहसा उपयोग होत नाही. कोळशाची पूडही तिला धरत नाही. डॉक्टरला खरी धास्ती वेगळीच असते: वास दारूचा, पण मार डोक्याला लागलेला, किंवा दारूबरोबर फवारणीचं औषध पोटात गेलेलं. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि तोंडातून वाहणारी लाळ दिसली की उपचार पार बदलतात.

विषारी दारूतल्या मिथेनॉलची गोष्ट तर याच्या उलट. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. हे विष सुरुवातीला फारसं जाणवत नाही. अनेकदा 12 ते 24 तासांनी पोट दुखतं, डोळ्यांपुढे धुकं येतं. शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, तेच दृष्टी आणि जीव घेतं. ते बनू नये म्हणून फोमेपिझोल देतात. ते नसेल तर मोजून साधं अल्कोहोलच, जोडीला डायलिसिस. दारूवर दारूचा उतारा लागू पडतो तो एवढ्याच ठिकाणी, आणि तोही डॉक्टरच्या हातून.

हलवूनही डोळे न उघडणारा, मिनिटाला आठहून कमी श्वास घेणारा, ओठ निळे पडलेला, झटके येणारा माणूस झोपलेला नसतो. त्याला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, बोटं घालून उलटी काढू नये आणि 108 ला फोन लावावा. बाटलीही सोबत न्यावी. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, काय प्यायला, किती आणि कधी? तेव्हा सोबतची चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात.