महाकाय कासवांसाठी उबदार रात्रनिवारा

खान्देश म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते रणरणते ऊन. भुसावळ, वरणगावच्या तापीकाठच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हे सर्वश्रुत आहे. मात्र याच पट्ट्यातील हिवाळी रात्र तितकीच कठोर असते, हे केळी उत्पादकाला विचारावे. दुपारी २८-३० अंश असलेले तापमान थंडीच्या लाटेत पहाटे १० अंशांच्याही खाली उतरते. केळीची वाढ खुंटते, म्हणून शेतकरी रात्री पाणी देतो, बांधावर शेवरीची लागवड करून वारा अडवतो, घडांवर पिशव्या चढवतो. हीच रात्र उष्ण प्रदेशातून आलेल्या पाळीव कासवाच्या जिवावर बेतू शकते. केळीला जसे राखावे लागते, तसेच त्यालाही राखावे लागते.

पाळीव म्हणून जगभर लोकप्रिय झालेले मोठे कासव म्हणजे आफ्रिकेतील सुलकाटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल हा त्याचा मुलूख. विक्रीच्या वेळी ते तळहातावर मावते. पुढे मात्र चाळीस-पन्नास किलोंचे होते आणि काही नर त्याहूनही बरेच मोठे होतात. सेशेल्स बेटांवरील अल्डाब्रा कासव तर याहूनही अजस्र. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील 'अद्वैत' हे अल्डाब्रा कासव २००६ मध्ये मरण पावले, तेव्हा त्याचे वय अडीचशे वर्षांच्या आसपास असल्याचे सांगितले गेले. असा प्राणी घरात आणणे म्हणजे पुढच्या पिढीवरही जबाबदारी सोपवणे होय.

थंडी घातक का ठरते?

कासव शीतरक्ताचे असते. शरीराची ऊब ते स्वतः निर्माण करीत नाही, परिसरातून घेते. गवत पचवणारे आतड्यांतील सूक्ष्मजीवही उबेवरच काम करतात. शरीर थंड पडले की पचन थांबते, प्रतिकारशक्ती मंदावते आणि फुप्फुसांचा संसर्ग बळावतो. कासवाला माणसासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे न्यूमोनिया त्याच्यासाठी फार धोक्याचा. काही थंड प्रदेशांतील कासवे हिवाळाभर शीतनिद्रा घेतात. सुलकाटा आणि अल्डाब्रा घेत नाहीत. 'थंडीत कासव झोपतेच' हा समज येथे प्राणघातक ठरतो.

मूळ प्रदेशात सुलकाटा खोल बीळ खणून राहते. जमिनीखाली तापमान फारसे चढत-उतरत नाही. मग खान्देशातही त्याला बीळ खणू द्यावे काय? तापीखोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीतील बीळ पाण्याने भरण्याची किंवा ढासळून प्राणी गाडला जाण्याची भीती असते. म्हणून जमिनीवरच बिळाचे काम करणारी पेटी बांधणे शहाणपणाचे.

दिवा नव्हे, पेटी

कुक्कुटपालनात पिलांवर दिवा टांगतात. तोच उपाय मोठ्या कासवासाठी करण्याचा मोह होतो. पण तो चुकीचा आहे. पिल्लू लहान असते, लवकर तापते आणि गरम झाले की बाजूला सरकते. पन्नास किलोंचे शरीर वरच्या एका दिव्याने ऊब धरत नाही. पोट व पाय थंडच राहतात, आणि दिव्याच्या जवळ आलेली पाठ मात्र भाजते. कवच हे जिवंत हाडाचे असते, हे विसरू नये. म्हणून सर्व बाजूंनी सारखी ऊब देणारी, लहान आणि घट्ट बंद होणारी पेटी हवी.

एका कासवासाठी आतून साडेपाच फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट उंच जागा साधारणतः पुरते. प्राण्याला आत पूर्ण वळता आले पाहिजे. उंची वाढवू नये, कारण ऊब छताशी साठते आणि कासव तळाशी असते. भिंती, छत आणि तळ या सहाही बाजूंना दोन प्लायवूडच्या मधे ५० मिलिमीटर जाडीचे थर्माकोल बसवावे. थर्माकोल कोठेही उघडे राहू नये. कासव ते कुरतडून गिळते आणि उंदीरही पोखरतात. फटी सिलिकॉनने बुजवाव्यात. पावसाचे पाणी शिरू नये म्हणून पेटी फूटभर उंच जोत्यावर ठेवून खरखरीत, सौम्य उताराची वाट करावी. दार दक्षिणेकडे वा पूर्वेकडे असावे, म्हणजे उत्तरेचा गार वारा टळतो. दाराच्या आत शीतगृहात लावतात तसा प्लास्टिक पट्ट्यांचा पडदा सोडावा. हवेसाठी दोन लहान छिद्रे पुरेशी होतात.

थर्माकोलचा खर्च वाचवावा काय, याचे उत्तर साध्या गणितात आहे. बाहेर ९ आणि आत २७ अंश धरल्यास वरील मापाच्या पेटीतून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर जाते. तीच पेटी नुसत्या १८ मिलिमीटर प्लायवूडची असेल, तर सुमारे ५०० वॅट. बारा तासांच्या रात्रीला एका बाजूला सव्वा युनिट आणि दुसऱ्या बाजूला सहा युनिट वीज. पत्र्याच्या खोक्याची गत तर याहून वाईट.

उबेसाठी तेलाचा बंद हीटर सर्वांत कमी क्षमतेवर ठेवून एका टोकाला बसवावा. त्यापुढे मजबूत लोखंडी जाळी हवी, कारण हे जनावर धक्का देऊन काहीही उलथवते. वाळके गवत हीटरपासून दूर असावे. थर्मोस्टॅट २७ अंशांवर लावून त्याचा संवेदक कासवाच्या पाठीच्या उंचीवर, हीटरपासून दूर बसवावा. तारा नळीतून न्याव्यात; अर्थिंग आणि विद्युतगळती होताच वीज तोडणारा स्विच अनिवार्य समजावा. कोळशाची शेगडी आत वा दाराशी कधीही ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत जीव घेतो.

वीज गेली तर?

येथेही थर्माकोल उपयोगी पडते. बाहेर ९ अंश असताना चार तास वीज गेली, तर ढोबळ हिशेबाने पन्नास किलोंच्या कासवाचे अंग सुमारे सहा अंशांनी उतरते. पाण्याने भरलेले २० लिटरचे दोन कॅन भिंतीशी ठेवल्यास ही घसरण साडेतीन अंशांवर येते, कारण ते पाणीही रात्रभर ऊब साठवते. कमाल-किमान तापमापक रोज सकाळी पाहण्याची सवय मात्र हवी. थर्मोस्टॅट बिघडल्याचे त्यावरूनच कळते.

पहिले काही दिवस कासवाला सूर्यास्तापूर्वी आत न्यावे लागते; पुढे ते स्वतःहून येऊ लागते. सकाळी ऊन अंगणात पसरल्यावरच दार उघडावे. नाकातून स्राव, तोंड उघडून श्वास किंवा अन्नत्याग दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकाकडे जावे. उन्हाळ्यात हीटर बंद करून पेटीवर सावली करावी. उष्णतारोधक भिंती तेव्हा दुपारची धग अडवतात. पिण्याचे पाणी बारमाही असावे.

कायद्याची चौकट

खान्देशात विहिरीत कासव सोडण्याची जुनी चाल आहे. पण तारा कासव असो वा नदी-विहिरीतील देशी कासव, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना पाळणे गुन्हा आहे. त्यांच्यासाठी पेटी बांधण्याचा प्रश्नच येत नाही. कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून, सुलकाटासारख्या आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्रजातींची नोंदणी आवश्यक झाली आहे. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये जाहीर झाले. कागदपत्रांविना विकले जाणारे पिल्लू घेऊ नये.

तळहातावरचे पिल्लू पाहून भुलणे सोपे आहे. परंतु ज्याच्या अंगणात या पेटीसाठी जागा नाही आणि दर हिवाळ्यात रोज संध्याकाळी दार लावण्याची तयारी नाही, त्याने ते पिल्लू घरी न आणणे हीच त्याच्यावरची खरी दया.