नरक्याची माती

काही वर्षांपूर्वी माझ्या सल्ल्यावरून मामेभावाने आंबा घाटाजवळच्या आपल्या पडीक जमिनीत नरक्याची साठ रोपे लावली. दुसरा उन्हाळा सरला तेव्हा त्यांतली जेमतेम आठ उरली होती. “दादा, जंगलात याला खत कोण घालतं?” एवढेच त्याने विचारले. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. जे जमवले ते रानात हिंडून आणि ग्रंथालयात बसून. पण या साध्या प्रश्नाने मला पुन्हा मुळाशी नेले.

नरक्या हे सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातले झाड. फुलांना दुर्गंधी येते, पण लाकडात आणि सालीत कॅम्प्टोथेसिन हे मोलाचे द्रव्य असते. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळे केले. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ साली तेच द्रव्य आपल्या नरक्यातही असल्याचे प्रसिद्ध झाले. त्यापासून तयार केलेली औषधे आज मोठ्या आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर वापरतात. मागणी वाढली तशी झाडे बुंध्यापासून तुटू लागली. म्हणून लागवड हवी, हे माझे म्हणणे चूक नव्हते. चूक पद्धतीत होती.

घाटमाथ्याच्या जांभ्या मातीत स्फुरद असते, पण ते लोह आणि ॲल्युमिनियमला घट्ट बांधलेले असते. मुळाच्या लगतचे स्फुरद संपले की पुढचे हाती लागत नाही. तिथे बुरशी मदतीला येते. मुळात शिरून बाहेर दूरवर पसरणारे तिचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक असतात. ते स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात झाडाने बनवलेली साखर घेतात. मुळे आणि बुरशीच्या अशा जोडीला जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. झाडाला आयते स्फुरद मिळाले, तर ते ही भागीदारी आखडती घेते.

आणि आम्ही काय केले होते? पिशव्यांत भरपूर सुपर फॉस्फेट घातले, मर नको म्हणून बुरशीनाशक ओतले आणि सावलीत वाढणारी रोपे एकदम उघड्या माळावर नेली.

पुढच्या खेपेला मी दोन वाफे केले. एकात नेहमीचे मिश्रण. दुसऱ्यात त्याच मिश्रणात भावाच्या बांधावरच्या जुन्या नरक्याखालची मूठ मूठ माती, खत कमी आणि वर पालापाचोळा. सावली आणि पाणी सारखेच. दुसऱ्या वाफ्यातली रोपे आधी मागे राहिली, पण पावसाळ्यानंतर पुढे गेली. उपटून पाहिली तेव्हा मुळांचे जाळेही दाट होते. हा प्रयोग लहान आहे. फरक बुरशीचा की पालापाचोळ्याच्या ओलाव्याचा, हे त्यावरून ठरत नाही. बहुधा दोन्हींचा.

रोप जगले म्हणजे औषध आले, असेही नाही. नरक्यात झाडागणिक आणि जागेगणिक कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण बदलते. २००५ साली तर भारतीय संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली आणि तीही हे द्रव्य बनवते असे नोंदवले. मात्र कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या अशा बुरश्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या, की त्यांची ही क्षमता घटत जाते असा अनुभव आहे. झाडाबाहेर ती टिकत नाही.

यावरून कोणी जंगलातली माती ट्रकने आणू नये. तिच्याबरोबर रोगही येतात आणि जंगल उघडे पडते. रोपवाटिकेपुरती आपल्याच बांधावरच्या निरोगी झाडाखालची मूठभर माती, पालापाचोळा आणि पहिली वर्षे सावली, एवढे पुरे.

भावाने यंदा पुन्हा वीस रोपे लावली आहेत, फणसांच्या सावलीत. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते: जंगलात खत कोणी घालत नाही, तिथे मातीच झाडाला सांभाळते.