ऑपेरा : पात्र स्वतः गाऊ लागतं तेव्हा

ऑपेरा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही माणसं साधं बोलायचं सोडून गातात कशाला? आम्ही त्याचं उत्तर सांगलीपासून शोधणार आहोत. सातारकरांनाही हा मुलूख परका नाही; १९४९ नंतर काही वर्षं सांगली जिल्ह्याचं नावच ‘दक्षिण सातारा’ होतं.

१८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. त्यात पदं भरपूर, पण गायचा तो सूत्रधार. पात्रं गद्यात बोलायची, तेही आयत्या वेळी सुचेल तसं. म्हणजे सीतेच्या मनातलं दुसराच कुणीतरी गाणार! १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये पात्रं स्वतः गाऊ लागली. इथे आपण ऑपेराच्या अगदी जवळ येतो.

ऑपेराचा जन्म इटलीतल्या फ्लॉरेन्सचा, सन १६००च्या आसपासचा. मोन्तेव्हेर्दीच्या ‘ऑर्फेओ’त (१६०७) नायक मृत पत्नीला आणायला पाताळात जातो, आणि त्याच्याजवळ शस्त्र काय, तर गाणं.

ऑपेरात गाण्याचे मुख्य प्रकार दोन. ‘रेसिटेटिव्ह’ बोलण्याच्या लयीत गातात, त्यात कथा पुढे सरकते. ‘आरिया’त कथा थांबते आणि मन उलगडतं. आपल्याकडे पहिलं काम गद्य संवाद करतात, दुसरं पद करतं. मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्येही (१७९१) मधूनमधून बोलणं आहेच. मोठा फरक वेगळाच आहे. ऑपेरात संगीतकार बहुतेक सूर लिहून देतो. आपल्याकडे चाल ठरलेली, विस्तार मात्र गायकनटाचा. मग ‘वन्स मोअर’ मिळत जातो, पद वाढत जातं आणि नाटक बिचारं ताटकळतं.

आता सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल बघा. त्यांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) बाप पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो. घरात तिला कुणी विचारत नाही. पण तिचं पद सुरू झालं की सगळं नाट्यगृह गप्प बसून तिचं ऐकतं. बोलायची सोय जिथे उरत नाही, तिथे माणूस गातो.

तेव्हा पुढच्या वेळी ऑपेरा ऐकाल, भाषा कळो न कळो, एवढंच विचारा : हे गाणं काढून टाकलं, तर या माणसाबद्दल आपल्याला काय कळलं नसतं?