बीचवर जाताय? आधी लाटेचे सेकंद मोजा

29 जुलै 2024 चा तो फोटो तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. ब्राझीलचा सर्फर गाब्रिएल मेदिना हवेत सरळ उभा, एक बोट आभाळाकडे, आणि शेजारी त्याचा सर्फबोर्डही तसाच ताठ. ऑलिंपिक पॅरिसचं, पण ही लाट पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरहून लांब, ताहिती बेटावरच्या तेआहुपोची. खोल समुद्रातून आलेली लाट तिथं एकदम उथळ प्रवाळखडकावर चढते आणि नळीसारखी गुंडाळत फुटते. सर्फर याला ‘रीफ ब्रेक’ म्हणतात. त्या लाटेवर मेदिनाला 9.90 गुण मिळाले. पण खाली खडक किती खोल आहे, भरती कुठवर आलीय, पुढची लाट किती सेकंदांनी येणार, हे बघितल्याशिवाय शहाणा सर्फर पाण्यात उतरत नाही.

आता आपल्याकडे या. चिंचवड, निगडी, आकुर्डीतून शनिवारी पहाटे गाड्या निघतात. चाकणला सेकंड शिफ्ट संपवून तसेच रात्री सुटणारेही असतात (त्यांनी घाटात स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्यावं, हे जाता जाता). ताम्हिणी उतरायचा, माणगाव, मग दिवेआगर, श्रीवर्धन नाहीतर हरिहरेश्वर. रूम कितीला, सुरमई कुठं, गाणी कोण लावणार, सगळं ग्रुपवर ठरतं. समुद्राचं टाइमटेबल मात्र कुणीच टाकत नाही.

हरिहरेश्वरला तर ते टाकायलाच हवं. देवळाजवळून प्रदक्षिणेची वाट उंच कड्यांमधल्या पायऱ्यांनी खाली कातळावर उतरते. लाटांनी कोरून जाळीदार केलेला हा कातळ ओहोटीला उघडा पडतो, तुम्ही मजेत चालू शकता. भरतीला त्याच कातळावर लाटा फुटतात. रीफ ब्रेकचा लांबचा भाऊच म्हणा, फक्त इथं कुणाच्या पायाखाली बोर्ड नसतो. सेल्फी काढता काढता माणसं ओढली गेलीत, म्हणून तिथं इशाऱ्याचे फलक लागलेत. फलक वाचायचा कंटाळा असेल तर निदान पायाखालचा खडक बघा. ओला दिसतोय? म्हणजे थोड्या वेळापूर्वी लाट तिथवर येऊन गेलीय. लाटा एकसारख्या येत नाहीत. बऱ्याच छोट्या लाटांनंतर मोठ्या लाटांचा एक गट येतो. पाच मिनिटं काही झालं नाही म्हणजे जागा सेफ आहे, असं अजिबात नाही.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती, पहाटेही तीनच्या आसपास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, म्हणजे दुपारी चारला तुम्ही कातळावर उतरलात तर पाणी चढत असतं. अमावास्येला पंधरा धरायचे. त्या दिवशी आणि पौर्णिमेला, किंवा नंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला नेहमीपेक्षा आतही जातं. हा अंदाज आहे. नेमकी वेळ मोबाइलवर टाइड टेबलमध्ये मिळते, किंवा किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या काकांना विचारा.

पण भरतीची वेळ कळली म्हणून काम संपत नाही. लाट दोन प्रकारची असते. एक इथल्या वाऱ्यानं उठलेली, दुसरी हजारो किलोमीटर दूरच्या वादळातून निघून कित्येक दिवस प्रवास करत आलेली. या दुसरीला स्वेल म्हणतात. दोन्हींची उंची एक मीटर असली तरी फरक सेकंदांत असतो. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी फॉर्म्युला सोपा आहे: दोन लाटांमधल्या सेकंदांचा वर्ग करा, 1.56 नं गुणा, खोल पाण्यातली लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. 6 सेकंदांची लाट साधारण 56 मीटर लांब. 15 सेकंदांची साधारण 350! एवढी लांब लाट किनाऱ्याजवळ उथळात आली की अनपेक्षित उंच होते आणि वाळूवर खूप आतपर्यंत घुसते. आभाळ मात्र निळंशार असू शकतं.

मे 2024 च्या सुरुवातीला असंच झालं. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेनं स्वेलचा इशारा दिला होता. 6 मेला कन्याकुमारी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर वैद्यकीय शाखेचे पाच जण बुडाले. आपल्या जवळचं आठवायचं तर मुरूड. 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याहून कॉलेजच्या सहलीला गेलेले 14 विद्यार्थी तिथं गेले. महिना फेब्रुवारी होता, पावसाळा नव्हता. इन्कॉइसच्या साइटवर लाटेची उंची आणि सेकंद रोज फुकट बघायला मिळतात. हवामानाचं अ‍ॅप बघून बीच ठरवणाऱ्यांनी एवढं पान उघडायला काय हरकत आहे?

आणि ‘मला पोहायला येतं’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं. महापालिकेच्या तलावातलं पाणी तुम्हाला कुठं ओढत नाही. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं. हा रिप करंट. दोन्ही बाजूंना फेसाळत्या लाटा आणि मधे एक शांत, गडद पट्टा दिसला की पोरं नेमकी तिथंच उतरतात, कारण तिथं लाट नसते. जोरदार रिप सेकंदाला दोन मीटरहून वेगानं ओढतो, आणि ऑलिंपिकमधला 50 मीटर फ्रीस्टाइलवालासुद्धा साधारण तेवढ्याच वेगानं पोहतो. त्यामुळे सरळ किनाऱ्याकडे हात मारून फक्त दमायला होतं. रिप खाली खेचत नाही, बाहेर नेतो. तरंगत राहा, हात वर करून हाक मारा, ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा.

वाळूवर असलेल्यांनी मागोमाग उडी टाकू नये. एकाला वाचवायला गेलेले दुसरे-तिसरेही बुडतात. जीवरक्षकाला किंवा होडीवाल्याला बोलवा, 112 लावा, बोट दाखवत त्याच्यावरची नजर हटवू नका आणि तरंगणारं काहीतरी फेका. झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅनही चालतो. निघताना डिकीत एक टाका.