सांगाडा एक, एंजिन दुसरें

मोटार-सायकलीचा नाद लागलेल्या मुलाच्या मनांत एक विचार हटकून येतो. एका गाडीचा सांगाडा हलका व चपळ आहे, परंतु तिचें एंजिन दुबळें. दुसरीचें एंजिन जोरकस आहे, परंतु तिचें अंग बोजड. मग पहिलीच्या अंगांत दुसरीचें एंजिन बसविलें, तर दोन्ही गुण एकत्र येणार नाहींत काय? हा विचार मूर्खपणाचा खास नव्हे. इंग्लंड व अमेरिका या देशांतील पुष्कळ कुशल कारागिरांनीं तो केला, आणि त्यांतून कांहीं नामांकित गाड्या निर्माण झाल्या. परंतु त्या कशा निर्माण झाल्या हें समजून न घेतां जो हातांत करवत धरितो, तो दोन चांगल्या गाड्यांची मिळून एक वाईट गाडी करितो, व प्रसंगीं जिवासही मुकतो. मुलांस आवडणाऱ्या व पालकांच्या पोटांत गोळा आणणाऱ्या या विषयाची थोडीशी फोड येथें करण्याचें योजिलें आहे.

आपणांस विचार करावयाचा आहे तो नेहमींच्या रस्त्यावरील गाडीचा नव्हे, तर माती, चिखल, दगडधोंडे व चढउतार यांवरून धांवणाऱ्या शर्यतीच्या गाडीचा. हिला डर्ट-बाइक म्हणतात. ही अंगानें हलकी असते, व हिचीं चाकें वर-खालीं पुष्कळ हलतात. शर्यतीच्या चांगल्या गाडीचें पुढील चाक सुमारें ३० सेंटीमीटर वर-खालीं जाऊं शकतें. उंचवट्यावरून उडून गाडी जमिनीवर आदळते, तेव्हां स्वारासह सर्व भार क्षणार्धांत सांगाड्यावर येऊन पडतो. आणि हें एकाच शर्यतीत शेंकडों वेळां घडतें.

सांगाडा म्हणजे एंजिन ठेवण्याची पेटी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. गाडीच्या पुढील टोकास एक आंखूड व जाड नळी असते. तींत हँडलाचा दांडा फिरतो. मागील बाजूस एक आडवा आंस असतो. त्यावर मागचें चाक धरणारी भुजा वर-खालीं डोलते. गाडी कशीही आदळो, ही नळी व हा आंस यांचा परस्परसंबंध तसूभरही बदलूं न देणें हें सांगाड्याचें मुख्य काम होय. पुढची नळी उभ्या रेषेशीं साधारणपणें २६ किंवा २७ अंशांचा कोन करून मागें कललेली असते. या कोनांत एका अंशाचा फरक पडला तरी जाणत्या स्वारास गाडी परकी वाटूं लागते. शिवाय, पुष्कळ गाड्यांत एंजिनच सांगाड्याला बळकटी देतें. भिंतींत बसविलेल्या चौकटीप्रमाणें तें चार बाजूंनीं नळ्यांना घट्ट धरून ठेवितें. म्हणून एंजिन बदलणें म्हणजे सांगाड्याचाच एक अवयव बदलणें होय.

असा बदल करणाऱ्यापुढें तीन प्रश्न उभे राहतात: जागेचा, रेषेचा व जोराचा.

प्रथम जागेचा प्रश्न घेऊं. एंजिनाची लांबी, रुंदी व उंची मोजली म्हणजे झालें, असें नव्हे. पुढचें चाक पूर्ण वर आलें असतां तें धूर बाहेर नेणाऱ्या नळीस लागतां कामा नये. किकचा दांडा अडल्यावांचून फिरला पाहिजे. एंजिनांत हवा नेणाऱ्या मार्गास अकारण वांक नसावा. आणि एकदां बसविलेलें एंजिन पुढें दुरुस्तीसाठीं बाहेरही काढतां आलें पाहिजे. यांत एक अडचण विशेष आहे. दोन ठोक्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक एंजिनाची धुराची नळी मध्यें फुगीर असते. ती शोभेसाठीं तशी केलेली नसते. त्या फुगवट्यांतून परतणारी दाबाची लाट, बाहेर निसटूं पाहणारें ताजें मिश्रण पुन्हां आंत लोटते, व त्यामुळें एंजिनाचा जोर वाढतो. चार ठोक्यांच्या एंजिनाकरितां घडविलेल्या सांगाड्यांत या फुगवट्यासाठीं जागाच ठेविलेली नसते.

दुसरा प्रश्न रेषेचा. एंजिनाचें लहान दांतेरी चाक व मागील चाकावरचें मोठें दांतेरी चाक हीं दोन्ही एकाच प्रतलांत असलीं पाहिजेत. सरळ पट्टी मोठ्या चाकास चिकटवून पुढें धरली असतां ती लहान चाकाशींही तंतोतंत जुळली पाहिजे. ती न जुळल्यास चेन तिरकी ओढली जाते, दांते झिजतात, आणि एखादे दिवशीं चेन उडून मागचें चाक जागच्या जागीं आवळून टाकते.

या रेषेंत भूमितीचा एक गमतीदार भाग आहे. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीहून मोठी असते, हें आपण शिकलों आहों. लहान दांतेरी चाकाचा मध्य, भुजेचा आंस व मागील चाकाचा मध्य हे तीन बिंदू घ्या. ते एका सरळ रेषेंत येतात तेव्हां पहिल्या व तिसऱ्या बिंदूंमधील अंतर सर्वांत मोठें असतें, म्हणून चेन सर्वांत ताठ होते. भुजा वर किंवा खालीं गेली कीं अंतर कमी होऊन चेन सैल पडते. भुजा ५८ सेंटीमीटर लांब आहे, व लहान चाकाचा मध्य आंसापासून ८ सेंटीमीटरांवर आहे असें माना. भुजा या सरळ रेषेपासून २० अंश वळली असतां अंतर सुमारें ४ मिलिमीटरांनीं कमी होतें. परंतु नव्या एंजिनाच्या आकारामुळें तोच मध्य १६ सेंटीमीटर पुढें गेला, तर ही घट साडेसात मिलिमीटरांवर जाते. अर्थात् चेन कधीं तुटण्याइतकी ताठ, तर कधीं उडण्याइतकी सैल होण्याचा धोका वाढतो. वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. लहान दांतेरी चाक भुजेच्या आंसाच्या होईल तितकें जवळ ठेवण्याचा कारागिरांचा आग्रह कशासाठीं असतो, तें त्यावरून ध्यानांत येईल.

तिसरा प्रश्न जोराचा. समजा, एंजिनाच्या मुख्य दांड्यावर २० न्यूटन-मीटर इतकें पिळण्याचें बळ उत्पन्न होतें. पहिल्या गिअरांत तें दांत्यांच्या चाकांमुळें सातपट झालें, तर १४० न्यूटन-मीटर होईल. लहान दांतेरी चाकाची त्रिज्या साडेतीन सेंटीमीटर धरल्यास चेनीवरील ओढ ४,००० न्यूटन, म्हणजे सुमारें ४०० किलोग्रॅम वजनाइतकी भरते. पन्नास किलोंचीं आठ पोतीं दोराला टांगलीं असतां दोरावर जो ताण पडेल, तोच हा ताण. आणि एंजिन ज्या बोल्टांनीं व पट्ट्यांनीं धरलें आहे, त्यांस तो मागें खेचीत असतो. एंजिनाचें बळ दुप्पट झालें म्हणजे ओढही दुप्पट. ज्या पट्ट्या दुबळ्या एंजिनास पुरल्या, त्या जोरकस एंजिनास पुरतील असें मानणें म्हणजे शेळीच्या दाव्यानें बैल बांधण्यासारखें आहे.

आतां हें काम जाणते लोक कसें करितात तें पाहूं. त्यांचा क्रम असा: प्रथम कागद, मग पुठ्ठा, मग लांकूड, आणि सर्वांत शेवटीं लोखंड. सांगाडा मोकळा करून व स्वच्छ घासून सपाट मेजावर ठेवितात; दोरी, ओळंबा व गुण्या लावून तो मुळांत सरळ आहे कीं नाहीं हें तपासतात. नंतर पुढची नळी व मागचा आंस लोखंडी शिकंज्यांत जखडून टाकतात, म्हणजे मधली एखादी नळी कापली तरी हीं दोन टोंकें जागेवरून हलत नाहींत. मग आंतील भाग काढून टाकलेलें एंजिनाचें रिकामें कवच लांकडी ठोकळ्यांवर आधारून मधोमध धरितात. प्रथम चेनीची रेषा जुळवितात. मग उंची ठरवितात. शेवटीं एंजिनाचा कल पाहतात. एंजिन मूळ गाडीत जितकें कललेलें होतें तितकेंच येथेंही राहिलें पाहिजे, नाहीं तर आंतील तेल व पेट्रोल यांची पातळी बिघडते. एंजिन पुढें सरकलें तर पुढचें चाक जड होतें. मागें गेलें तर चढावर तें जमीन सोडूं लागतें. याचाही विचार याच वेळीं करावा लागतो.

इतकें झाल्यावर जी नळी आड येईल तेवढीच कापतात. नव्या नळीचें टोंक गोल कानशीनें असें घासतात कीं तें दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फट न राहतां बसावें. कारण फट वितळलेल्या धातूनें भरून काढलेला सांधा वरून भरदार दिसला तरी आंतून कच्चाच राहतो. एंजिन धरणाऱ्या पट्ट्या बोल्टाच्या दोन्ही बाजूंस असाव्यात. एकाच बाजूस असलेली पट्टी वांकते. प्रथम ठिकठिकाणीं नुसते टांके देतात, एंजिन काढून घेतात, व नंतर डावी-उजवी बाजू आलटून पालटून पुरी सांधतात. सांधा थंड होतांना आकसतो. एकच बाजू एकदम सांधल्यास सांगाडा तिकडे ओढला जातो.

या पद्धतीचें एक उत्तम उदाहरण इंग्लंडमधील डेरेक व डॉन या रिकमन बंधूंचें आहे. हे दोघे हँपशायर परगण्यांतील न्यू मिल्टन येथील, व स्वतः मातीवरील शर्यतींत भाग घेणारे. १९५९ च्या सुमारास त्यांनीं बीएसए गाडीच्या सांगाड्यांत ट्रायंफचें एंजिन बसविलें, आणि पुढील फोर्क नॉर्टनचे घेतले. त्या काळीं पुष्कळ गाड्यांत एंजिन व गिअरची पेटी वेगवेगळी असे, व दोन्ही सपाट धातूच्या पाट्यांनीं सांगाड्यास जोडलेली असत. त्यामुळें नव्या पाट्या कापून दुसरें एंजिन बसविणें त्या मानानें सुलभ होतें. या मिश्र गाडीस त्यांनीं ‘मेटीस’ हें फ्रेंच नांव दिलें. त्याचा अर्थ संकरज असा होतो. परंतु विशेष हें कीं, ते तेथेंच थांबले नाहींत. परक्या सांगाड्यास ठिगळें लावण्यापेक्षां एंजिनाकडे पाहूनच सांगाडा घडवावा, हें त्यांनीं ओळखलें. पुढील कांहीं वर्षांतच त्यांनीं रेनॉल्ड्स ५३१ या बळकट पोलादी नळ्यांचा स्वतःचा सांगाडा तयार केला. त्याचे सांधे कांस्यासारख्या धातूनें झाळलेले होते, कारण अशा झाळकामांत पोलाद वितळेपर्यंत तापवावें लागत नाहीं व त्याचें बळ टिकतें. त्याच नळ्यांत एंजिनाचें तेलही खेळविलें होतें.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. होंडा कंपनीची सीआर ५०० ही दांडगी टू-स्ट्रोक गाडी १९८४ ते २००१ या सालांच्या दरम्यान निघत होती. कंपनीनें १९९७ सालीं आपल्या सीआर २५० या गाडीस ॲल्युमिनियमचा सांगाडा दिला. परंतु थोरल्या बहिणीच्या वांट्याला तो कधींच आला नाहीं. तेव्हां अमेरिकेंतील कारागिरांनीं तें ५०० चें एंजिन ॲल्युमिनियमच्या सांगाड्यांत स्वतः बसविण्यास आरंभ केला. येथें धातूच निराळा. उष्णतेचा संस्कार करून कठीण केलेलें ॲल्युमिनियम सांध्याजवळ तापलें कीं मऊ पडतें. सांधा चकचकीत दिसतो, पण त्याच्या शेजारची जागा दुबळी होते. पुन्हां योग्य संस्कार केल्यावांचून पूर्वीचें बळ परत येत नाहीं. दारांच्या जाळ्या सांधणाऱ्याकडे हें काम देणें किती धोक्याचें आहे, तें यावरून दिसून येईल. पुढच्या नळीचा सांधा सुटणें म्हणजे हँडल हातांत राहून चाक निघून जाणें होय.

पालकांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीच्या दाखल्यांतील मूळ तपशिलाशीं न जुळणारा फेरफार गाडीत करतां येत नाहीं. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच स्पष्ट केलें. म्हणून अशा गाडीची जागा सार्वजनिक रस्ता नव्हे, बंदिस्त शर्यतीचें मैदान ही होय. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो.

परंतु म्हणून मुलाची जिज्ञासा दाबून टाकावी, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यास करवतीऐवजीं प्रथम मोजपट्टी, ओळंबा व कागद द्यावा. भंगारांतील एखादा सांगाडा घेऊन त्यानें त्याचें पूर्ण मापांचें चित्र काढावें. पुठ्ठ्याचें एंजिन करून तें त्यांत बसवून पाहावें. चेनीची रेषा दोरीनें आंखावी. यांत खर्च थोडा व शिक्षण फार आहे. आणि पुढें एखाद्या जाणत्या कारागिराच्या हाताखालीं खरें काम करण्याचा योग आला, तर शेवटची परीक्षा त्यानें विसरूं नये. सर्व सांधे पूर्ण झाल्यावर एंजिन परत जागेवर ठेवावें, व प्रत्येक बोल्ट हाताच्या बोटांनीं आंत सरकवून पाहावा. तो सहज शिरला तर काम साधलें. तो हातोडीनें ठोकावा लागत असेल, तर कोठें तरी माप चुकलें आहे; हातोडी खालीं ठेवून पुन्हां पहिल्यापासून मोजावयास बसावें.