चाचे, गलबते आणि घरातली शाळा

‘चाचा’ हा शब्द आमच्या इंदुरात जरा जपूनच उच्चारावा लागतो. मराठीत चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. आणि मल्हारगंजातल्या कितीतरी घरांत चाचा म्हणजे वडिलांचा भाऊ. मराठीच्या तासाला ‘चाच्यांनी जहाज लुटले’ असे वाक्य फळ्यावर लिहिले की वर्गात हशा पिकतो, आणि “सर, कोणाच्या चाचांनी?” असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. आम्ही स्वतः मुसलमान घरातले, चाचांच्या खांद्यावर बसून मोहल्ला पाहिलेले. तेव्हा त्या हशात आम्हीही सामील होतो. परंतु या एका शब्दावर मुलांचे चित्त जितके खिळते तितके दुसऱ्या कशावर खिळत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. स्मरणिकेसाठी लहान मुलांच्या घरच्या शिक्षणाविषयी काही उपयोगी लिहावे असे सुचविण्यात आले, तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्ही ठरविले.

‘खेळ पुरे, आता अभ्यासाला बस’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. यात खेळ आणि अभ्यास ही दोन वेगळी गावे आहेत असे गृहीत धरलेले असते. तीन ते आठ वर्षांच्या मुलाला ती वेगळी नसतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी बालवाडी सुरू केली, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने शंख, शिंपले, बिया, पाने, खडे यांतूनच शिक्षणाची साधने उभी केली. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तेव्हा साधनांसाठी बाजारात जाण्याचे कारण नाही. परात, वाटी, चिंचोके आणि जुने वर्तमानपत्र एवढ्यावर आपले आरमार सिद्ध होते.

पहिला खेळ खजिन्याच्या नकाशाचा. चाच्यांनी खजिना पुरून त्याचा नकाशा काढावा, ही कल्पना स्टीव्हन्सनच्या १८८३ सालच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीने जगभर नेली. खरे चाचे लूट पुरून ठेवीत बसत नसत. ती विकून खर्च करून टाकीत. पण शिक्षकाच्या दृष्टीने ही कल्पना सोन्याची आहे. घराचा साधा आराखडा काढावा, गुळाचा खडा डब्यात घालून लपवावा आणि चिठ्ठीवर लिहावे : ‘उंबऱ्यापासून पूर्वेस बारा पावले, मग उत्तरेस पाच.’ मूल सूर्याकडे पाहून दिशा ठरविते आणि पावले मोजते. मग तीच चिठ्ठी आजोबांच्या हाती द्यावी. आजोबा बारा पावले टाकतात ते थेट भिंतीवर जाऊन आदळतात! असे का झाले, हे मुलालाच विचारावे. माझे पाऊल लहान, आजोबांचे मोठे. म्हणून सर्वांना सारखे असे एक माप हवे, हे उत्तर मूल स्वतः देते. फूटपट्टी का जन्मली हे त्याला एका सकाळी कळले. पुस्तकातून शिकविण्यास आम्हाला आठवडा लागतो.

दुसरा खेळ गलबतांचा. परातीत पाणी घेऊन त्यात स्टीलचा चमचा सोडावा, तो बुडतो. मग स्टीलचीच वाटी सोडावी, ती तरंगते. धातू एकच, मग फरक कशाचा? वाटी आपल्या पोकळ आकारामुळे पुष्कळ पाणी बाजूला सारते. जितके पाणी सारले जाईल तितका वर उचलणारा जोर अधिक. आता वाटीत एकेक चिंचोका टाकावा. पण किती चिंचोक्यांना वाटी बुडेल याचा अंदाज आधी प्रत्येकाकडून लिहून घ्यावा. अंदाज बांधणे आणि मग मोजून पाहणे हीच विज्ञानाची पहिली पायरी.

येथेच मराठी आरमाराची गोष्ट सांगावी. परातीत केवळ बोटभर पाणी ठेवून भरलेली वाटी व कागदी होडी दोन्ही सोडाव्या. वाटी तळाला टेकून अडते. होडी फुंकरीसरशी पलीकडे जाते. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या गुराबा आणि गलबते अशीच उथळ पाण्यात चालणारी होती. गलबतांना वल्ही असत, म्हणून वारा पडला तरी ती हलत. शत्रूची खोल बुडाची मोठी जहाजे खाडीत त्यांचा पाठलाग करू शकत नसत. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर स्वारी केली, ती फसली. कान्होजी १७२९ साली वारले, तोवर त्यांचा दरारा कायम होता.

आता मूल विचारील, “मग कान्होजी चाचा होते का?” हा प्रश्न टाळू नये. इंग्रज त्यांना चाचाच म्हणत. कान्होजींचे म्हणणे असे की हा किनारा छत्रपतींचा. येथून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आमचे दस्तक, म्हणजे परवाना, घेतले पाहिजे. दस्तक नसलेले जहाज ते पकडीत. पोर्तुगीजांनी त्याआधी दोनशे वर्षे हेच केले होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. ज्याचा माल गेला त्याला पकडणारा लुटारूच वाटणार, हे खरे. तरीही छत्रपतींच्या आज्ञेने जकात व परवाने पाहणारा सरखेल आणि कोणाचाच नसलेला लुटारू यांत भेद आहे. आज मुंबईतील नौदलाच्या एका तळाला ‘आंग्रे’ हे नाव आहे. मुलाने यातून एवढेच घ्यावे की कोणाला काय म्हटले आहे हे ऐकताना, ते म्हणणारा कोण हेही विचारावे.

हेच दस्तक तिसरा खेळ होतो. स्वयंपाकघराच्या दाराशी आजीला बंदराची अधिकारी म्हणून बसवावे. जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, माल कोणता व किती, हे कागदावर लिहून आणल्याशिवाय ती आत सोडणार नाही. ज्या मुलाला एक ओळ लिहिण्याचा कंटाळा, ते लाडवासाठी चार ओळी लिहिते. चौथा खेळ वाटणीचा. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स नावाच्या खऱ्या चाच्याच्या जहाजावर लुटीचे लेखी नियम होते. कप्तानाला दोन वाटे, साध्या खलाशाला एक. वीस चिंचोके, तीन खलाशी आणि एक कप्तान. तर कोणाला किती? पाच वाटे करून खलाशाला चार व कप्तानाला आठ, हे मूल भांडून भांडून बरोबर काढते.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी वर्गात आम्ही हा खेळ मांडला आणि मराठी आरमार व जंजिऱ्याचे सिद्दी असे दोन गट केले. कोणी कोठे उभे राहावे हे मुलांवर सोपविले. चौथ्या दिवशी एक मुलगा पोटदुखीचे निमित्त सांगून बाजूस बसला. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारले, तेव्हा म्हणाला, “सर, माझे नाव तसले आहे ना, म्हणून मला रोज सिद्दीच करतात आणि रोज हरवतात.” आमचे नावही तसलेच, आणि तीन दिवस हे आम्हाला दिसले नव्हते. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गाला खांदेरीची गोष्ट सांगितली. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रजांशी झुंजणाऱ्या आरमाराचे नायक मायनाक भंडारी आणि दौलतखान हे होते. सिद्दीही कसलेले दर्यावर्दी होते, आणि त्यांचा जंजिरा मराठ्यांना कधी जिंकता आला नाही, हेही सांगितले. आणि १६९५ सालची ‘गंज-इ-सवाई’ची हकीकत सांगितली : मक्केहून यात्रेकरू घेऊन सुरतेस परतणारे हे बादशाही जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले, यात्रेकरूंचे हाल केले, आणि त्यापायी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कैद भोगावी लागली. चाचा कोणत्या जातीचा वा धर्माचा नसतो. त्याच्या कृत्याने तो चाचा ठरतो. त्या दिवशी तो मुलगा दौलतखान झाला. पुढे दौलतखान होण्यासाठी इतकी भांडणे लागली की आम्ही चिठ्ठ्या टाकू लागलो. पालकांनीही घरी चिठ्ठ्याच टाकाव्या, आणि हरण्याची पाळी प्रत्येकावर येऊ द्यावी.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. तीन वर्षांखालील मुलापुढे चिंचोके ठेवू नयेत; ते तोंडात वा नाकात जातात. पाण्याच्या भांड्याजवळ मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, आणि खेळ संपताच परात रिकामी करावी.

“पण सर, इंदुरात समुद्र कोठे आहे?” असे एका माउलीने आम्हाला विचारले. समुद्र आपल्या दारावरूनच जातो. पावसाळ्यात मुलाने गल्लीत सोडलेल्या होडीखालचे पाणी कान्ह नदीतून क्षिप्रेला, तेथून चंबळेला, यमुनेला आणि गंगेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. आणि १९७८ सालापासून आपल्या नळाला जिचे पाणी येते ती नर्मदा वाहते पश्चिमेच्या अरबी समुद्राकडे. म्हणजे आपण एका समुद्राच्या वाटेवरचे पाणी पितो आणि दुसऱ्याच्या वाटेवर ते सोडून देतो! हा नकाशा मुलाला एकदा काढू द्यावा. होडी मोरीपाशीच अडकेल. मुलाचे मन मात्र दूर जाईल. त्याला तेवढे जाऊ देणे, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे काम.

अस्तु.